वारा कूलरकडून

सिव्हिल लाइन्स. मे. सकाळचे अकरा.
पाच टेबलं, पाच देश.
कूलरच्या ताट्या जुन्या, वास डबक्याचा,
पण वारा इमानदार, सरळ नकाशात शिरतो.
चार कोपऱ्यांवर मनसरच्या खाणीतले दगड ठेवलेत मी,
मँगनीजचे, काळे, दिसतात त्याहून जड.
तरी बाल्टिक समुद्र फडफडतोच.

लिहून घ्या, मी म्हणते.
अपघात दूरचा. तुमच्या हद्दीत धूर नाही, आवाज नाही.
अणुभट्टी कोणाची ते विचारू नका,
सरावात भट्टीला नाव नसतं.
वारा कूलरकडून.

फिनलंड निर्मला कोडापे, देवरी ठाणं.
स्वीडन अशफाक, सक्करदऱ्याचा फायरमन.
नॉर्वे हवालदार टेंभुर्णे, ज्यांचा समुद्र बघायचा राहून गेलाय.
डेन्मार्क धोटेबाई, दुधातलं पाणी पकडणाऱ्या.
उरला आइसलंड. तो संघपाल मेश्रामला,
होमगार्ड, बावीस वर्षांचा, उशिरा आला म्हणून.

पहिल्या अर्ध्या तासात
फिनलंडने शाळा बंद केल्या,
नॉर्वे म्हणाला थांबा, वरून आदेश येऊ द्या,
डेन्मार्कने सगळं दूध नालीत ओतलं
आणि स्वीडनने तोंडाने भोंगा वाजवला.
हशा.

मी हसले नाही.
मी कळमन्यातला क्लोरिनचा सिलिंडर पाहिलाय.
दोन खात्यांच्या दोन जीपा,
एकीचा भोंगा म्हणतो घरात बसा, दुसरीचा म्हणतो पळा,
आणि मधोमध एक बाई, डोक्यावर पाण्याचा गंज,
ना आत ना बाहेर.
तिचं नाव मला कोणत्याच अहवालात सापडलं नाही.

ते नाही सांगितलं त्यांना. दगडफुलाचं सांगितलं.
सावजीच्या रश्श्यात टाकता ना, त्याच्याच कुळातलं
तिकडे बर्फाखाली उगवतं.
त्याला मूळ नाही. खायचं ते आभाळातून.
त्याला रेनडिअर खातो, रेनडिअरला माणूस,
आणि चरायला निघालेला रेनडिअर सरहद्द बघत नाही,
जशी सौंसरकडची म्हैस नाका बघत नाही.
आता अलीकडे सांगितलं दूध पिऊ नका,
पलीकडे सांगितलं प्या,
तर गवळी कोणाचं ऐकेल?

"कोणाचंच नाही," कोडापे म्हणाली.

म्हणून त्या पाच जणांनी,
कुठे काही पेटलेलं नसताना, थंड डोक्याने,
एकच वही केली.
पहिला फोन कोणी कोणाला,
मीटरवर कोणता आकडा दिसला की मुलं घरात,
परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांना काय कळवायचं.
भांडण हवं तेवढं, पण खोलीत.
दार उघडलं की एक वाक्य.

मग संघपाल उठला.
"मॅडम, माझ्याकडं तं काहीच येऊन नाही राहिलं.
वारा उलटा आहे. मी काय करू नं?"

मी त्याला खडू दिला. वाक्य तू लिही.

ज्याच्या अंगणात काहीच पडणार नव्हतं
त्यानेच सगळ्यात जास्त वेळ खाडाखोड केली:

आम्हाला अजून पूर्ण माहीत नाही.
जेवढं माहीत आहे, तेवढं पाचही जण हेच सांगत आहोत.
पुढचं चार वाजता.

टेंभुर्ण्यांनी त्यात एक "सदर" घालून पाहिला.
चौघांनी मिळून तो पुसला.

साडेतीनला वीज गेली. कूलर थांबला,
समुद्र जागेवर बसला. मंडळी चहाला गेली.
मी हजेरीचं रजिस्टर भरत होते,
घाम कोपरावरून थेट फिनलंडच्या सहीवर.

दार वाजलं. संघपाल,
टाचा जुळवलेल्या, नजर घड्याळावर.

"चार वाजले, मॅडम.
नवीन काही नाही."